तोंडाचा डावा कोपरा

आयव्हा लिंडक्विस्टच्या गाऊनची कंबर आवळताना मी तिला टाचणी टोचली, तेव्हा आमची ओळख झाली. सन १९२४. स्टुडिओत नाचघराचं मोठं दृश्य होतं. दोनशे एक्स्ट्रा मुली आणि आम्ही शिवणखात्यातल्या सहाजणी. टाचणी चांगली आत गेली होती, तरी ही पोरगी हूं नाही की चूं नाही.

"दुखलं का गं?" मी विचारलं.

"दुखलं ना. पण तो कॅमेऱ्यामागचा माणूस मघापासून माझ्याकडे बघतोय. मी तोंड वाकडं केलं तर तो बघायचा थांबेल."

ती तेव्हा तेवीस वर्षांची होती. नेब्रास्कातल्या कुठल्याशा गावची. तिथल्या जत्रेत सगळ्यांत सुंदर मुलगी म्हणून तिला निवडलं होतं आणि त्याच आठवड्यात तिने लॉस एंजलिसचं तिकीट काढलं होतं. मी आयोवाची. आमच्या घराण्यात सगळ्यांचे चेहरे बटाट्यासारखे, त्यामुळे सुंदर मुलींविषयी माझ्या मनात आधीपासूनच जरा आकस होता. पण आयव्हाचा चेहरा खरंच सुंदर होता. कॅमेऱ्यामागच्या माणसाने त्या दिवशी दोनशेजणींतून तिला पुढे घेतलं, आणि चित्रात ती पूर्ण चार सेकंद एकटी पडद्यावर दिसली. चार सेकंद! तिने ते चित्र अकरा वेळा पाहिलं. दोन वेळा मलाही ओढत नेलं.

गर्विष्ठ होती का? होती. तिच्यामागे लागलेल्या चांगल्या चांगल्या माणसांची तिने टर उडवली. एका दातांच्या डॉक्टरला तर तिने सांगितलं, "तुमच्याशी लग्न केलं तर मला आयुष्यभर कोण बघणार? तोंड उघडलेले लोक?" आम्ही सगळ्याजणी हसलो होतो. तो डॉक्टर पुढे पॅसाडेनात मोठ्या बंगल्यात राहायला गेला.

तिने लग्न केलं व्हर्नन टॅलीशी. व्हर्नन आमच्याच स्टुडिओत मेकअप करायचा. फ्रेस्नोच्या एका न्हाव्याचा मुलगा. हडकुळा, मितभाषी, हाताला कायम खोट्या मिशांच्या गोंदाचा वास. एकदा आयव्हा त्याच्या खुर्चीत बसली, तर तो वीस मिनिटं नुसता बघत राहिला. मग त्याने ब्रश खाली ठेवला आणि म्हणाला, "माझं इथे काही कामच नाही."

ही गोष्ट आयव्हाने मला किमान शंभर वेळा सांगितली असेल. "माझं इथे काही कामच नाही," ती त्याच्या आवाजात म्हणायची आणि गाल लाल व्हायचे. कुणाला फुलं मिळतात, कुणाला अंगठी. तिला हे वाक्य मिळालं होतं.

१९२८ साली लग्न झालं. कल्व्हर सिटीत त्यांनी छोटं घर घेतलं. मी दोन गल्ल्या सोडून राहायचे. पहिली पाच-सहा वर्षं व्हर्नन संध्याकाळी घरी आला की तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून काही ना काही करून बघायचा. आज भुवया बदल, उद्या गालाखाली सावली दे. मांस ओव्हनमध्ये करपायचं आणि ही डोळे मिटून स्टुलावर बसलेली.

"तुला कंटाळा कसा येत नाही गं?" मी विचारायचे.

"तुझा नवरा तुझ्याकडे सलग तासभर कधी बघतो का?"

माझा नवरा तेव्हा हयात होता, आणि खरं सांगायचं तर तो माझ्याकडे मीठ मागण्यापुरता बघायचा.

मधल्या काळात पडदा बोलायला लागला आणि आयव्हाचं काम संपलं. आवाजखात्यातला एकजण म्हणाला, चेहरा राजकन्येचा आहे पण आवाज गुरं हाकणारीचा आहे. तिने फार मनाला लावून घेतलं नाही. घरी बघणारा होता ना. मूल मात्र हवं होतं. व्हर्नन म्हणाला, एवढ्यात नको. "बाळंतपणानंतर बायका माझ्याच खुर्चीत येतात, आयव्हा. काय काय होतं ते मला माहीत आहे." ती थांबली. चार वर्षं थांबली. मग एकदा दिवस गेले ते टिकले नाहीत, आणि डॉक्टरने सांगितलं, आता पुढे मूल होणार नाही. हॉस्पिटलमध्ये मी तिच्याजवळ होते. व्हर्नन संध्याकाळी आला, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाला, "डोळ्यांखाली फार उतरलंय. झोप घे."

चाळिशी आली तशी ती सगळ्यांसारखीच दिसायला लागली. वाईट नव्हे हं. देखणी बाई दिसायची. पण वाण्याच्या दुकानात माणसं तिला पुढे जाऊ देईनात आणि व्हर्नन बोलताना तिच्याऐवजी कॉफीच्या भांड्याकडे बघायला लागला. घरातल्या स्टुलावर ती आता बटाटे सोलायला बसे. तिने स्वतःच एकदा मला सांगितलं, "मी केस कापले त्याला आठ दिवस झाले. त्याला अजून कळलं नाहीये."

"विचार ना त्याला."

"विचारलं आणि तो म्हणाला, कुठले केस, तर?"

हे सगळं असं चाललं असतं. निम्म्या जगाचं चालतं. पण १९४४ साली आमच्या स्टुडिओने तो चित्रपट काढायला घेतला.

एका संसाराची गोष्ट होती. एक रूपगर्विता, तिचा सोशिक नवरा, आणि पंचवीस वर्षांत तिचं रूप कसं जातं याची कथा. लढाईवर गेलेल्यांच्या बायका रुमाल भिजवतील असा हिशेब. नायिका होती मिस रोवेना लेन, वय चौतीस, आणि शेवटच्या अर्ध्या तासात तिला अठ्ठावन्न वर्षांची दिसायचं होतं. काम व्हर्ननवर पडलं. तीन वेळा त्याने तिला म्हातारी केली, तीन वेळा दिग्दर्शकाने कॅमेऱ्यासमोरून परत पाठवली. शेवटच्या वेळी मी तिथेच होते, मिस लेनच्या पोटाला कापसाची गादी बांधत. दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणाला, "टॅली, ही म्हातारी नाहीये. ही पिठाच्या डब्यात पडलेली तरुण बाई आहे. मला खरा चेहरा हवाय. म्हातारपण रस्त्यावर फुकट मिळतं, जा आणि घेऊन ये!"

सगळे हसले. व्हर्नन हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

पुढच्या सोमवारी आयव्हा माझ्याकडे आली ती उड्या मारत आली म्हटलं तरी चालेल. केस सेट केलेले, लिपस्टिक नवी. युद्धामुळे लिपस्टिकही धड मिळत नव्हती, तिने कुठून मिळवली कोण जाणे.

"नेटी, काल नाश्त्याच्या वेळी व्हर्न माझ्याकडे बघत होता."

"मग?"

"मग काय, मग! बघत होता. अंडी थंड झाली त्याची. मग मला म्हणाला खिडकीपाशी बस. आणि वही काढून माझं चित्र काढायला लागला. दोन तास. नेटी, दोन तास!"

मला तिचा आनंद बघून बरं वाटलं. खरंच वाटलं. मी सफरचंदाचा केक केला आणि आम्ही दोघींनी रेशनची महिन्याची साखर एका दिवसात संपवली.

त्यानंतर रोज काहीतरी बातमी. आज त्याने दिवा आणला. आज मान वर करून बसवलं. मग एका रविवारी त्याने तिच्या चेहऱ्याचा प्लॅस्टरचा साचा घेतला. भुवयांना व्हॅसलीन, नाकात श्वासाला दोन नळ्या, आणि वरून ओलं गार प्लॅस्टर. अर्धा तास बोलायचं नाही, हलायचं नाही.

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. काळोख असतो गं आत. पण त्याने पूर्ण वेळ माझा हात धरला होता."

मला ठाऊक होतं की साचा घेताना प्रत्येकाचाच हात धरतात. आमच्याकडे तो नियमच होता. श्वास कोंडला तर माणसाने हात दाबायचा, म्हणजे प्लॅस्टर लगेच फोडता येतं. हे मी तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

"कशाला घेतोय साचा, काही म्हणाला?"

"चांगल्या चेहऱ्याचा अभ्यास करतोय म्हणाला. म्हणजे तसं नाही म्हणाला. मी विचारलं, अभ्यास करतोयस का, तर हो म्हणाला."

एक दिवस मात्र ती वेगळीच आली. डोळे सुजलेले. रात्रीच्या जेवणाला, काही कारण नसताना, व्हर्ननने त्या न झालेल्या बाळाचा विषय काढला होता. आठ वर्षांत त्याने तो एकदाही काढला नव्हता. तो म्हणाला, आता ते मूल शाळेत जात असतं. म्हणाला, चूक माझीच होती, मी तुला थांबवलं. ती रडायला लागली. आठ वर्षांचं रडणं ते, बांध फुटल्यासारखं.

"आणि त्याने काय केलं?"

"माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. मला वाटलं डोळे पुसतोय." आयव्हाने माझ्या टेबलावरच्या कपड्याची घडी घातली, मोडली, परत घातली. "पुसले नाहीत. नुसता बघत होता. बहुतेक त्यालाही रडू येत असेल आणि दाखवायचं नसेल. पुरुषांचं असतं तसं."

"असतं," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात मी मिस लेनचा शेवटच्या दृश्यातला काळा झगा घेऊन मेकअपच्या खोलीत गेले. व्हर्नन तिच्या चेहऱ्यावर रबराचे पातळ तुकडे चिकटवत होता. त्या दिवसांत टायरलाही रबर मिळत नव्हतं, पण आमच्या स्टुडिओला सुरकुत्यांसाठी मिळालं होतं. बाकावर प्लॅस्टरचा एक चेहरा ठेवला होता. डोळे मिटलेला, पांढराफटक. त्याच्यावर पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या, बाण काढले होते, तोंडाच्या डाव्या कोपऱ्याभोवती गोल केला होता. खाली व्हर्ननच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: "आयव्हा. ४३. अधिक १५." शेजारी वहीचं पान उघडं होतं आणि त्यावर तोच तोंडाचा कोपरा सहा वेळा काढलेला, खाली मुडपलेला, थरथरणारा. पानावर शीर्षक: "रडताना."

माझ्या हातातला झगा खाली पडला.

मिस लेनने आरशात बघितलं. मग ती हसली, तिचं ते प्रसिद्ध हसू, पण त्या चेहऱ्यावर ते भलतंच दिसलं.

"अरे देवा! ही कुणाची आजी धरून आणलीस, व्हर्नन?"

"अशीच," व्हर्नन म्हणाला, ब्रश पुसत. "ओळखीतली एक बाई आहे."

"तिला माझ्यातर्फे सांत्वन कळव. आणि हे काढ आता. चटकन काढ, माझा जीव घाबरतोय."

मी झगा उचलला. व्हर्ननने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "नेटी, तिला उगाच काही बोलू नकोस. तिला कळणारसुद्धा नाही." मी काही बोलले नाही. त्याने ते होकार म्हणून घेतलं, आणि तो होकारच होता. का गप्प बसले? नोकरी होती, हे एक. तिला वाईट वाटू नये, हे दुसरं, जे मी स्वतःला सांगत असे. आणि तिसरं कारण असं की त्या बटाट्याच्या घराण्यातल्या मुलीला, अगदी खोल कुठेतरी, थोडंसं बरं वाटलं होतं. आता म्हातारी झाले आहे, म्हणून लिहून टाकते.

चित्राचा प्रदर्शनाआधीचा चाचणी खेळ ग्लेनडेलच्या एका थिएटरात होता, शनिवारी दुपारी. आयव्हाने हट्ट धरला. व्हर्नन म्हणाला, तुला आवडणार नाही, रडकं चित्र आहे. ती म्हणाली, "माझ्या चेहऱ्यावरून तू इतकं शिकलास, मग मिस लेन कशी दिसते ते मी बघायला नको?" तिला वाटत होतं पहिल्या भागातली, तरुणपणातली मिस लेन तिच्यावरून केली आहे. मी तिला निळा पोशाख शिवून दिला. दोन वेळा मापं घेतली. दोन्ही वेळा तोंड उघडायची संधी होती.

आम्ही तिघं मागून सातव्या रांगेत बसलो. आधी युद्धाच्या बातम्या झाल्या, मग चित्र. पहिला तासभर आयव्हा माझ्या दंडाला चिमटे काढत होती. "भुवया बघ. ही भुवयांची पद्धत माझी आहे." मग चित्रातली वर्षं सरली. नायिका आजारातून उठली, नोकराणीने पडदा बाजूला केला आणि तिने खिडकीच्या उजेडात तोंड वळवलं.

सगळ्या थिएटरने एकदम श्वास आत ओढला. तो आवाज मी विसरले नाही. मग आमच्या मागे बसलेला एक नौसैनिक मोठ्याने म्हणाला, "आईशप्पथ, यापेक्षा आघाडीवर परत पाठवा मला!" आणि चार रांगा खो-खो हसल्या.

आयव्हासुद्धा हसली. तिला अजून कळलं नव्हतं. पापणी कळली नाही, गळा कळला नाही. मग नायिका नवऱ्याच्या पत्रावर रडू लागली. कॅमेरा जवळ गेला. तोंडाचा डावा कोपरा खाली मुडपला, एकदा थरथरला, परत मुडपला.

आयव्हाचा हात माझ्या दंडावरून निघाला. तिने स्वतःच्या तोंडाला बोट लावलं, डाव्या बाजूला. तसंच ठेवलं.

मला वाटलं ती उठून जाईल. ती शेवटपर्यंत बसली. शेवटी नवरा परत येतो आणि बायकोचा तो चेहरा हातात धरून म्हणतो, माझ्यासाठी तू तीच आहेस. त्या वाक्याला सगळं थिएटर हुंदके देत होतं, तो नौसैनिकसुद्धा नाक शिंकरत होता, आणि आयव्हा हसली. एकटीच. इतक्या मोठ्याने की पुढच्या रांगेतल्या बाईने वळून "शूः" केलं.

बाहेर लोकांना मतं लिहायला कार्डं वाटत होते. आयव्हाने एक घेतलं, उभ्या उभ्या भिंतीला टेकवून लिहिलं, पेटीत टाकलं. व्हर्ननभोवती स्टुडिओची माणसं गोळा झाली होती, पाठ थोपटत होती. मी त्याला इतका खूष कधी पाहिला नव्हता. लग्नात तर नाहीच.

गाडीत तो एकटाच बोलत होता. "ऐकलात तो श्वास? पूर्ण थिएटर! मोठे साहेब म्हणाले, असं काम या गावात कुणी केलं नाहीये."

"कुणाचा चेहरा होता तो?" आयव्हाने विचारलं. ती पुढे बसली होती, मी मागे.

"मिस लेनचा."

"व्हर्न."

"अगं, कुणाला कळणार नाही."

"मला कळलं."

"तुला वाईट वाटायचं कारणच नाही. मी त्यात पंधरा वर्षं घातलीत."

"कुठे?"

आणि हा माणूस, मी शपथेवर सांगते, खरोखर सांगायला लागला. एक हात स्टिअरिंगवर, एक हात तिच्या चेहऱ्यापाशी. "हे गालाखालचं माझं. गळा तर पूर्णच माझा. पापणी थोडी तुझी, थोडी वाढवली. तोंडाचा कोपरा फक्त जसाच्या तसा आहे. तो मला करून जमेना. तो, बघ, कुणालाच करून जमणार नाही." त्याच्या आवाजात कौतुक होतं. वीस मिनिटं बघून ब्रश खाली ठेवला, तेव्हा असाच आवाज असेल.

"त्या दिवशी जेवताना," आयव्हा म्हणाली, "बाळाचं बोललास ते..."

सिग्नल लागला होता, व्हर्नन लाल दिव्याकडे बघत राहिला.

ती मागे वळली. "नेटी, तुला माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं.

तिने दार उघडलं आणि भर रस्त्यात उतरली. निळा पोशाख, हातात पर्स, गाड्यांच्या मधून ती पलीकडे गेली आणि आलेल्या पहिल्या ट्राममध्ये चढली. ती कुठे जाते हे तिने वाचलंही नसेल. व्हर्नन म्हणाला, "येईल. डोकं शांत झालं की येईल." मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या.

ती आली नाही. कार्डं सोमवारी स्टुडिओत वाचली. तीनशे बारा कार्डांत मेकअपविषयी एकच वाईट मत होतं: "म्हातारपण खोटं वाटतं. कुठलीही बाई रडताना इतकी कुरूप दिसत नाही, तिचा नवरा समोर बसला असेल तरच दिसते." साहेबांना ते फार विनोदी वाटलं, त्यांनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. अक्षर व्हर्ननने ओळखलं. तोही हसला, कारण सगळे हसत होते.

आयव्हा विमानांच्या कारखान्यात लागली. इंगलवूडला भाड्याची खोली, दिवसभर पत्र्याला रिव्हेट ठोकायचे. तिथे डोक्याला फडकं आणि डोळ्यांना मोठा चष्मा, म्हणजे चेहरा कुणाचा ते कुणी बघत नाही, असं तिने कुणाला तरी सांगितल्याचं माझ्या कानावर आलं. माझ्या पत्रांना तिने उत्तर दिलं नाही. व्हर्नन मेकअपखात्याचा प्रमुख झाला. एकदा तो कारखान्याच्या फाटकावर तिला भेटायला गेला, शेवंतीची फुलं घेऊन. हे त्यानेच मला सांगितलं, आणि अगदी दुखावल्या स्वरात.

"मी तिला म्हटलं, घरी चल. पुढच्या वर्षीच्या चित्रात बाई सत्तरीची आहे, आयव्हा, तुझ्याशिवाय मला जमणार नाही. यापेक्षा मोठी गोष्ट मी कुठल्या बाईला म्हटली नाही, नेटी."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, मग सव्वीस वर्षं थांब."

युद्ध संपलं तसं कारखान्याने बायकांना घरी पाठवलं. तिला घर नव्हतं. घटस्फोट झाला. एका मोठ्या दुकानात क्रीम-पावडरच्या काउंटरवर जागा होती, तिथे तिला सांगितलं की गिऱ्हाइकाला घाबरवणारा चेहरा काउंटरमागे चालत नाही. मिस लेनलाही, म्हणायचं तर, त्या चित्राने काही दिलं नाही. सगळीकडे वाहवा झाली, आणि नंतर दोन वर्षांत तिला तरुण बाईचं एकही काम मिळालं नाही. ज्यांनी तिला तशी पाहिली त्यांना ती तशीच दिसायला लागली. स्टुडिओने करार संपवला त्या दिवशी तिने मेकअपच्या खोलीत येऊन व्हर्ननच्या थोबाडीत मारली. व्हर्ननला आजतागायत कळलेलं नाही, का.

आयव्हा मला परत दिसली ती १९५२ साली, गावातल्या एका स्वस्त कॅफेटेरियात. मी ताट घेऊन रांगेत होते. काउंटरमागे, वाफेत, केसांवर जाळी घालून ती बटाट्याचा लगदा वाढत होती. जाड झाली होती. गाल भरले होते, चेहरा गोल आणि गुळगुळीत. व्हर्ननच्या त्या रबरी म्हातारीशी तिचं काही साम्य नव्हतं. त्याचं चुकलं होतं, पण हे आता कुणाला सांगणार?

"रस्सा घालू?" तिने विचारलं. मला ओळखलं होतं, ते दिसलं.

"आयव्हा..."

"रस्सा घालू की नको?"

मी दर गुरुवारी जाऊ लागले. चार महिने ती माझ्याशी रश्श्यापलीकडे बोलली नाही. मग एकदा गर्दी कमी असताना मी धीर करून म्हटलं, "व्हर्ननने जे केलं ते केलं, पण मी..."

"व्हर्नवर माझा राग नाही," ती म्हणाली, पळी पुसत. "त्याला चेहरे दिसतात, माणसं दिसत नाहीत. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला तेच आवडलं होतं ना, चेहरा चांगला होता तोवर. तू मात्र माझी मापं घेतलीस, नेटी. दोनदा. कमरेला हात घालून."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

तिने खरोखर विचार केला. "घरी बसले असते. बटाटे सोलत. चित्र बघितलंच नसतं." मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मागे दोन पोस्टमन ताटं घेऊन उभे होते. "पुढे सरका बाई. लोकांची जेवणं खोळंबलीयत."

मी सरकले. खिडकीजवळ बसून ताटातलं सगळं खाल्लं. पुढच्या गुरुवारी मी दुसरीकडे जेवले.